संरक्षण खात्याचं काम आणि ‘साहेबांचा माणूस’: टीटीसी, वागळेतल्या लघुउद्योजकाने दलाल कसा ओळखावा आणि त्याच्याशिवाय काम कसं मिळवावं

अंबरनाथची आयुध निर्माणी, तिच्याच शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, मुंबईची नौदल गोदी, माझगाव डॉक. टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या रबाळे, महापे, पावणे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपला ही सगळी गिऱ्हाइकं टेम्पोच्या अंतरावर आहेत. म्हणूनच ‘दिल्लीत आपलं थेट बोलणं आहे’ म्हणणारी माणसंही याच पट्ट्यात फिरतात. कुणी स्वतःला एखाद्या नेत्याचा जवळचा म्हणवतो, कुणी निवृत्त अधिकाऱ्याचा भागीदार. हातात कार्ड असतं आणि त्यावर कधी कधी तीन सिंहांची राजमुद्राही छापलेली असते. ती दिसली की तिथेच थांबा. खासगी माणसाने राजमुद्रा वापरणं हा 2005 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ज्याला तेवढंही माहीत नाही किंवा माहीत असून फरक पडत नाही, त्याच्या हातात आपला धंदा द्यायचा नसतो.

असा माणूस तीन गोष्टी विकतो: व्हेंडर नोंदणी, ऑर्डर आणि अडकलेलं बिल. तिन्हींसाठी सरळ रस्ता आहे. तो खाली दिला आहे, पण आधी दलाल आणि खरा सल्लागार यांच्यातला फरक नीट समजून घेतला पाहिजे. सगळेच सल्लागार लबाड नसतात आणि चांगल्या सल्लागाराची नव्या माणसाला खरोखर मदत होते.

फी कशावर ठरली आहे ते बघा

खरा सल्लागार कामाचे पैसे घेतो. क्वालिटी अॅश्युरन्स प्लॅन लिहून देणं, निविदेचे कागद लावणं, गेजचं कॅलिब्रेशन करून घेणं, आयएसओच्या ऑडिटसाठी तयारी करून घेणं. प्रत्येक कामाची रक्कम ठरलेली असते आणि ऑर्डर मिळाली नाही तरी ती द्यावी लागते. दलालाचं उलट असतं. तो म्हणतो, ‘आत्ता काहीच नको, ऑर्डर निघाली की चार टक्के.’ ऐकायला हे सोयीचं वाटतं, कारण खिशातून आज काही जात नाही. पण निकालावर टक्केवारी घेणारा माणूस तुम्हाला मेहनत विकत नाही, निकाल विकतो. आणि निकाल त्याच्या हातात असेल तर तो कुणाकडून तरी विकत घेतलेला असणार, नसेल तर तो तुम्हाला थापा मारतो आहे. तिसरी शक्यता नाही.

कराराचा मसुदा आला की त्यात ‘लायझनिंग’, ‘फॉलो-अप’, ‘फॅसिलिटेशन’ हे शब्द शोधा. त्यांच्यासमोर नेमकं काम लिहिलेलं नसेल तर सही करू नका. ‘कन्सल्टन्सीचं बिल देतो, 18 टक्के जीएसटी लावून’ याने काहीही शुद्ध होत नाही. गुन्ह्यासाठी केलेला खर्च आयकरात मान्य होत नाही, आणि तपास झालाच तर तेच बिल तुमच्याविरुद्ध पहिला कागद ठरतं.

ऑर्डरमधलं जे कलम कुणी वाचत नाही

संरक्षण खरेदीच्या प्रमाणित करारात एजंटबद्दल एक कलम असतं. त्यात विक्रेता लिहून देतो की मी स्वतः उत्पादक आहे आणि हे कंत्राट मिळवण्यासाठी सरकारकडे अधिकृत वा अनधिकृत शिफारस करायला, मध्यस्थी करायला मी कोणाही व्यक्तीला किंवा फर्मला नेमलेलं नाही, कुणाला कमिशन दिलेलं नाही आणि देणारही नाही. हे खोटं निघालं तर कंत्राट रद्द होऊ शकतं, दिलेलं कमिशन सरकार तुमच्याकडून वसूल करतं आणि किमान पाच वर्षं सरकारी पुरवठ्यातून बाहेर राहावं लागतं. म्हणजे दलालाशी टक्केवारी ठरवून तुम्ही या कलमाखाली सही केली, की त्या क्षणी तुम्ही खोटं लिहून दिलेलं असतं. ऑर्डर पूर्ण करा, माल पास होऊ दे, तरी ती टांगती तलवार राहते. दलालाला हे पक्कं माहीत असतं, म्हणून दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी त्याचा टक्का वाढतो आणि तुम्हाला ‘नाही’ म्हणता येत नाही.

2018 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला, तेव्हापासून फर्मची जबाबदारी आणखी वाढली आहे. तुमच्या वतीने वावरणाऱ्या माणसाने तुम्हाला धंदा मिळावा म्हणून लाच दिली, तर कलम 9 खाली फर्म जबाबदार धरली जाते. भागीदारी फर्मही यात येते. मालकाच्या संमतीने किंवा संगनमताने हे झालं असेल तर कलम 10 खाली तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. आणि स्वतःचं वजन वापरून सरकारी नोकराकडून काम करून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या खासगी माणसासाठी कलम 7अ आहे, त्यालाही तेवढीच शिक्षा. फर्मला बचाव एकच: अशा गोष्टी होऊ नयेत म्हणून आम्ही व्यवस्था केली होती हे दाखवता येणं. दहा माणसांच्या वर्कशॉपमध्येही ती करता येते. लेटरहेडवर एक पानाचं धोरण, ‘आमच्या वतीने कुणीही शिफारस करणार नाही’ असं प्रत्येक सल्लागाराकडून लेखी, आणि रोख पैसे कुणालाच नाहीत.

हे फक्त कागदावरचं आहे असं समजू नका. 2001 मध्ये हातात धरायचे थर्मल कॅमेरे विकणारी एक बनावट कंपनी उभी करून पत्रकारांनी छुपं चित्रीकरण केलं. त्यात एक लाख रुपये घेताना दिसलेले तेव्हाचे भाजप अध्यक्ष बंगारू लक्ष्मण यांना 2012 मध्ये विशेष न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी, आयुध निर्माणी मंडळाच्या महासंचालकपदापर्यंत पोचलेल्या लाच प्रकरणात सरकारने सहा कंपन्यांना दहा वर्षांसाठी दारं बंद केली. त्यातल्या दोन भारतीय होत्या. परदेशी बड्या कंपन्यांना दुसरे देश असतात. पंचवीस कामगारांच्या युनिटला दहा वर्षांची बंदी म्हणजे शटर खाली.

नोंदणी स्वतः करायची ती अशी

पहिलं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतो. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट पैसे घेतात, तिकडे जाऊ नका. नोंदणी असेल तर तिचा कागद आज काढून त्यावरचा एनआयसी कोड, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणारा आकडा, तपासा. बरेच अर्ज इथेच आपटतात. सूक्ष्म आणि लघू उद्योगांना निविदेची अनामत रक्कम माफ आहे, पण ती तो माल स्वतः बनवणाऱ्याला, व्यापाऱ्याला नाही. उद्यमवर ‘ट्रेडिंग’ लिहिलेलं आणि तुम्ही टर्निंगचे पुर्जे देऊ करताय, तर तांत्रिक छाननीतच बाद. नेमक्या अशा वेळी दलाल उगवतो आणि सांगतो, ‘वर पैसे पोचले नाहीत म्हणून काढलं.’ बाद होण्याचं कारण पोर्टलवर लिहिलेलं असतं, आधी ते वाचा. आणि हे लक्षात ठेवा की परफॉर्मन्स बँक गॅरंटीला, म्हणजे काम नीट पूर्ण करण्याच्या बँक हमीला, माफी नाही. तिच्यासाठी बँकेत आधी मर्यादा मंजूर करून ठेवा.

दुसरं, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंदणी आणि वर्ग 3 ची डिजिटल स्वाक्षरी. सैन्यदलांच्या बऱ्याच निविदा संरक्षण मंत्रालयाच्या ई-प्रोक्युरमेंट पोर्टलवर निघतात आणि तिथे या स्वाक्षरीशिवाय पान पुढे सरकत नाही. तिचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो) आणि पिन कुणालाही देऊ नका. ‘मीच भरून देतो’ म्हणून टोकन नेणारा माणूस तुमच्या नावाने हवा तो दर टाकू शकतो.

तिसरं, कुणाला काय हवंय ते शोधणं. 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत गेले. अंबरनाथची निर्माणी नागपूरच्या यंत्र इंडियाकडे आली, प्रोटोटाइप फॅक्टरी चेन्नईच्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. ‘मंडळात ओळख आहे’ असं अजून कुणी सांगत असेल तर तो कोणत्या काळातली ओळख विकतोय ते समजून घ्या. आयातीऐवजी देशात बनवून हवे असलेले पुर्जे ‘सृजन’ पोर्टलवर दिलेले असतात. त्यातून तुमच्या मशीनवर बसणारे चार-पाच निवडा आणि त्या त्या खरेदीदाराला लेखी कळवा. कोणत्या मशीनवर, कोणत्या टॉलरन्समध्ये, महिन्याला किती नग. साकीनाक्याला केंद्राचं एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग) कार्यालय आहे, तिथे अशा खरेदीबद्दल विचारता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

अर्ज केला आणि महिनोन्‌महिने उत्तर नाही, तर माहितीचा अधिकार वापरा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. मोघम विचारू नका. असं विचारा: ‘माझा अमुक तारखेचा अर्ज आजवर कोणकोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे किती दिवस होता, त्यावरच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात, आणि अशा अर्जासाठी ठरलेली मुदत कळवावी.’ हा प्रश्न तुमच्याच अर्जाबद्दल आहे, त्यामुळे सुरक्षेच्या कारणाने नकार देणं अवघड जातं. नकार आलाच तर तीस दिवसांत पहिलं अपील. जी फाइल हलवायला दलाल पन्नास हजार मागतो, ती अनेकदा या एका पानाने हलते.

टक्का कुठून निघतो

सहा लाखांची ऑर्डर धरा आणि तुमचा नफा आठ टक्के, म्हणजे 48,000. चार टक्के दलालाचे, 24,000. अर्धा नफा गेला. पाच आठवडे उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का दराने आणखी 15,000 कापले जातात. उरले 9,000. आता ही तूट भरून काढायला कुणी ईएन 24 या भारी पोलादाच्या जागी स्वस्त ईएन 8 चा बार आणतो आणि टेस्ट सर्टिफिकेट जुन्या लॉटचं जोडतो. तपासणी अधिकारी बारच्या टोकावर ठोकलेला हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतणीचा क्रमांक, सर्टिफिकेटशी ताडतो आणि लॉट नापास होतो. तिथे दलालाचा फोन लागत नाही. आणि तपासणीतून चुकून सुटलाच, तर तो पुर्जा एखाद्या तोफेत किंवा गाडीत बसतो आणि त्याची किंमत सीमेवरचं कुणाचं तरी पोर चुकवतं. वशिलेबाजीची खरी किंमत ही आहे. म्हणून बार घेतानाच हीट नंबरचा फोटो काढा, नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या आणि दर लावताना हा खर्च आधीच धरा.

‘पार्टी फंड’ मागितला तर

राजकीय पक्षाला देणगी देणं गुन्हा नाही, पण ऑर्डरच्या बदल्यात देणगी ही लाचच. कंपनी कायद्याच्या कलम 182 प्रमाणे कंपनीला तीन आर्थिक वर्षं पूर्ण झालेली हवीत, संचालक मंडळाचा ठराव हवा, पैसे चेक, ड्राफ्ट किंवा बँकेतूनच जायला हवेत आणि नफा-तोटा पत्रकात ते दाखवावे लागतात. रोख देणगी मागितली की उत्तर एकच, नाही. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केल्यावर देणगीदारांची यादी सगळ्यांसमोर आली आणि लोकांनी कंत्राटांच्या तारखा देणग्यांच्या तारखांशी जुळवून पाहिल्या. निविदा चालू असताना दिलेली देणगी तशीच दिसेल, हेतू काहीही असो.

फोनवर आतला कागद आला तर

आपली पोच दाखवायला दलाल कधी फाइलवरच्या नोंदीचा किंवा प्रतिस्पर्ध्याच्या दराचा फोटो पाठवतो. गोपनीय सरकारी कागद जाणूनबुजून स्वीकारणं हासुद्धा 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. तो पुढे कुणाला पाठवू नका, त्यावर दर ठरवू नका, पण पुसूही नका. त्याच दिवशी ‘हे मला न मागता आलं, मला यात रस नाही’ असं लेखी उत्तर द्या, वकिलाला दाखवा आणि संबंधित कंपनीच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याला कळवा.

पैसे मागितले तर

केंद्र सरकारचा नोकर किंवा केंद्राच्या कंपनीतला माणूस गुंतला असेल तर तक्रार सीबीआयच्या लाचलुचपत शाखेकडे, मुंबईत ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. राज्याचा नोकर असेल तर एसीबी, म्हणजे राज्याचं लाचलुचपत प्रतिबंधक खातं, फोन 1064. पैसे देण्याआधी जाणं केव्हाही चांगलं. सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात, घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. एकदा तक्रार दिल्यावर सापळ्यासाठी दिलेले पैसे तुमचा गुन्हा ठरत नाहीत. जबरदस्तीने आधीच दिले असतील तर मोजून सात दिवस आहेत. सात दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच देणारा सुटतो, आठव्या दिवशी तोही आरोपी. संभाषण रेकॉर्ड केलं असेल तर तो फोन तसाच ठेवा, विकू नका, फॉरमॅट करू नका. न्यायालयात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं.

बिल अडकलं तर

माल स्वीकारल्यावर लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. नंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, दर महिन्याला. सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते आणि ती थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. पण 45 दिवस मोजायला स्वीकृतीची तारीख हवी. गेटवरच्या पावतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका.

तक्रार करायची आहे पण नाव बाहेर गेलं तर पुढच्या ऑर्डरी जातील, ही भीती खोटी नाही. त्यासाठी केंद्रीय दक्षता आयोगाकडे जनहितार्थ प्रकटीकरणाची सोय आहे. तक्रार बंद लिफाफ्यात, लिफाफ्यावर ‘जनहितार्थ प्रकटीकरणाखालील तक्रार’ असं ठळक, आणि पत्ता: सतर्कता भवन, जीपीओ कॉम्प्लेक्स, आयएनए, नवी दिल्ली 110023. स्वतःचं नाव-पत्ता आत, पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी लिहा, लिफाफ्यावर नाही आणि मजकुरात तुमची ओळख पटेल असं काही नको. निनावी तक्रार घेतली जात नाही. पोच येत नाही, त्यामुळे आठवड्याभरात चौकशीचं पत्र पाठवू नका. त्या दुसऱ्या पत्रानेच नाव उघडं पडू शकतं.