१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि १६ व्होल्टचा कपॅसिटर: पीक व्होल्टेज कसं काढायचं

ट्रान्सफॉर्मरवर १२ लिहिलंय म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर लावू नका, फुगेल. ते १२ म्हणजे आरएमएस, म्हणजे एसीची परिणामकारक किंमत, टोक नव्हे. एसीची लाट त्याच्या १.४१४ पट वर जाते आणि ब्रिजनंतरचा (ब्रिज म्हणजे एसीचं डीसी करणारे चार डायोड) कपॅसिटर त्या टोकापर्यंतच चार्ज होतो.

आधी लोड न लावता मल्टिमीटर एसी रेंजला ठेवून सेकंडरी, म्हणजे आउटपुटची वाइंडिंग, मोजा. छोट्या ट्रान्सफॉर्मरवर १४ सुद्धा दिसतील, कारण छापलेला आकडा फुल लोडचा असतो. आता १४ गुणिले १.४१४ म्हणजे १९.८, ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड चालतात म्हणून त्यातून साधारण १.४ वजा करा, उरले १८.४. वर लाइन (मेन सप्लाय) १० टक्के वाढली तर २० च्या पुढेच. म्हणून कपॅसिटर किमान २५ चा, मी तर ३५ चाच घ्या म्हणेन.

मग डायोड. ब्रिजमध्ये प्रत्येकावर उलटं व्होल्टेज पीकइतकं येतं, पण १२-०-१२ ला (मधे टॅप असलेल्या ट्रान्सफॉर्मरला) दोनच डायोड लावले तर दुप्पट, कारण एका बाजूला भरलेला कपॅसिटर आणि दुसऱ्या बाजूला वाइंडिंगचं निगेटिव्ह टोक. हे बरेच जण विसरतात. १००० व्होल्टचा १एन४००७ वापरा म्हणजे १ अँपियरपर्यंत काळजी नाही.

आता खरी गंमत लोड लावल्यावर. फुल लोडला पीक १५.६ धरा (१२ गुणिले १.४१४, वजा १.४). अर्धा अँपियर ओढला आणि कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा असला, तर ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा चार्ज होऊनही मधे जवळपास ५ व्होल्ट खाली येतो, म्हणजे १०.६. ७८१२ ला (१२ व्होल्ट स्थिर देणाऱ्या रेग्युलेटरला) साधारण १४.५ तरी लागतात, मग आउटपुटला रिपल, म्हणजे डीसीवरचा चढउतार, येणारच आणि अँप्लिफायर असेल तर हमिंग ऐकू येतं. नुसता कपॅसिटर वाढवत बसण्यापेक्षा १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि २२०० मायक्रोफॅरड घ्या, हीटसिंक मात्र लावा.

हाच हिशोब थेट २३० व्होल्टला केला तर ३२५ येतात, लाइन २५३ झाली तर ३५८, म्हणून एसएमपीएसमध्ये (स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये) ४०० व्होल्टचा कपॅसिटर दिसतो. प्लग काढला तरी तो भरलेला असू शकतो, तेव्हा आधी डीसी रेंजला मोजा, व्होल्टेज असेल तर रेझिस्टरने उतरवा, परत मोजा आणि मगच हात लावा.