मूठ, घड्याळ आणि अवकाश स्थानक: गच्चीवरून कक्षा कशी मोजावी

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना पाहणे सोपे आहे. ते खाली का पडत नाही, हे मात्र नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी थोडे मोजावे लागते. हे मोजमाप दुर्बिणीशिवाय, आपल्या हाताची मूठ, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि साधे कॅलक्युलेटर एवढ्या सामग्रीवर होते.

प्रथम आपली मूठ पारखून घ्यावी. हात समोर ताठ धरून एक डोळा मिटला, तर बंद मुठीची रुंदी आकाशाचा साधारण 10 अंशांचा भाग झाकते. हे गृहीत न धरता ध्रुव ताऱ्यावर पडताळावे, कारण ध्रुव ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या गावाच्या अक्षांशाइतकी असते: मुंबईला सुमारे 19 अंश, पुण्याला साडेअठरा, नागपूरला 21. उत्तर क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी रचल्या की वरच्या मुठीच्या कडेशी तो तारा सापडायला हवा. फार फरक पडला, तर आपली मूठ किती अंशांची आहे ते वहीत लिहून ठेवावे.

स्थानक आपल्या गावावरून केव्हा जाणार, हे नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ या सेवेवर पाहता येते. तेथे वेळ, उगवण्याची दिशा आणि आकाशातील कमाल उंची दिलेली असते. मोजमापासाठी 60 अंशांपेक्षा वर चढणारी फेरीच निवडावी. मी हौसेने एकदा 20 अंशांची फेरी निवडली आणि ती पूर्णपणे शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून गेली. या फेऱ्या तिन्हीसांजेला किंवा पहाटेच दिसतात, कारण आपल्याकडे अंधार असला तरी चारशे किलोमीटर वर अजून ऊन असावे लागते. स्थानकाला स्वतःचा प्रकाश नाही, आपल्याला दिसते ती त्याच्यावरून परावर्तित झालेली उन्हे. पावसाळ्यात हा खटाटोप करू नये.

ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी गच्चीवर चटई टाकून उताणे पडावे. पश्चिमेकडच्या अर्ध्या आकाशातून एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका वर चढू लागेल. उघडझाप करणारे दिवे दिसले तर ते विमान समजावे. ठिपका माथ्याजवळ आला की त्याच्या वाटेवर आडवी मूठ धरून तो एका कडेशी शिरल्यापासून दुसऱ्या कडेने बाहेर पडेपर्यंतचे सेकंद मोजावेत. ते सुमारे 10 भरतात, म्हणजे सेकंदाला एक अंश. हेच मोजमाप क्षितिजाजवळ केले, तर तितक्याच मुठीला कितीतरी जास्त वेळ लागतो. वेग तोच असतो, पण अंतर दुपटीहून अधिक असते आणि स्थानक बरेचसे आपल्याच दिशेने येत असते. पुष्कळदा ठिपका पूर्वेला उतरण्याआधीच, आकाश निरभ्र असतानाही, किंचित तांबूस होत काही सेकंदांत विझतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो.

आता एका प्रदक्षिणेचा काळ काढावा. त्यासाठी स्थानकाची जागा दाखवणारा कोणताही थेट नकाशा उघडून, ते विषुववृत्त दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडते तो क्षण टिपावा आणि पुढच्या खेपेला तसेच ओलांडते तो क्षणही टिपावा. मधले अंतर सुमारे 93 मिनिटांचे असते. दुसरी खेप पहिलीच्या पश्चिमेला साधारण 23 अंशांवर होते, कारण स्थानकाची कक्षा जवळजवळ तशीच राहते आणि तेवढ्या वेळात तिच्याखाली पृथ्वी फिरलेली असते.

उंची काढायला केपलरने 1619 मध्ये प्रसिद्ध केलेला तिसरा नियम वापरावा: प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा कक्षेच्या त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असतो. तुलनेसाठी भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारा उपग्रह, सोयीचा आहे, कारण त्याचा काळ 1,436 मिनिटे आणि पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर 42,164 किलोमीटर आहे. 1,436 ला 93 ने भागल्यास 15.44 येतात, त्याचा वर्ग सुमारे 238 आणि त्याचे घनमूळ 6.2. म्हणून 42,164 भागिले 6.2, म्हणजे 6,800 किलोमीटर ही स्थानकाच्या कक्षेची त्रिज्या झाली. त्यातून पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या, 6,378, वजा केल्यावर उंची उरते सुमारे 420 किलोमीटर. या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ 93 मिनिटांत कापायचा, तर वेग सेकंदाला 7.66 किलोमीटर पडतो. मुठीने काढलेला वेग मात्र 7.3 च्या आसपास येतो (420 किलोमीटरवर एक अंश म्हणजे तेवढेच अंतर). ही तफावत निव्वळ आपल्या हाताची चूक नव्हे: पृथ्वी आपल्यालाही पूर्वेकडे नेत असल्यामुळे स्थानक आपल्याला थोडे संथ दिसते.

खरी गंमत पुढच्या आकडेमोडीत आहे. एवढ्या उंचीवर गुरुत्वाकर्षण नाहीसे होते असे पुष्कळांना वाटते, परंतु तेथे ते जमिनीवरच्या जवळजवळ 88 टक्के शिल्लक असते आणि स्थानक त्यामुळे दर सेकंदाला 4.3 मीटर, म्हणजे सुमारे दीड मजला, खाली पडते. त्याच सेकंदात ते 7.66 किलोमीटर पुढेही जाते. आता 7.66 चा वर्ग करून त्याला 6,800 च्या दुपटीने भागावे, उत्तर 0.0043 किलोमीटर येते, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोल पृष्ठभाग खाली वळतो तोही नेमका इतकाच. स्थानक पडतच असते, परंतु जमीन त्याच्याखालून तितकीच सरकत असते. आतले अंतराळवीर तरंगताना दिसतात ते यामुळेच: तेही स्थानकाबरोबर पडत असतात.

यातून एक उलटा वाटणारा परिणाम निघतो. पुढच्या यानाला गाठण्यासाठी मागच्या यानाने इंजिन लावून वेग वाढवला, तर ते वरच्या कक्षेत चढते, तेथे त्याची प्रदक्षिणा लांबते आणि ते आणखी मागे पडते. म्हणून पाठलाग करणारे यान आधी खालच्या कक्षेतून जाते. स्थानकालाही विरळ हवेचे घर्षण होऊन त्याची उंची हळूहळू घटते व अधूनमधून इंजिने चालवून ते वर उचलावे लागते.

जो भूस्थिर उपग्रह आपण तुलनेला घेतला, त्याची दिशा घरच्या डिशवरूनच कळते. डीडी फ्री डिशचे प्रक्षेपण करणारा जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. मुंबईहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 57 अंशांवर येतो. तबकडीचा कल पाहून तो बराच खाली असावा असे वाटते, कारण या डिशचा संकेत टिपणारा भाग मध्यभागी नसून खालच्या बाजूला बसवलेला असतो. विषुवदिनांच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असणाऱ्या मार्च आणि सप्टेंबरमधल्या दिवसांच्या, आसपास काही दिवस सूर्य नेमका उपग्रहामागे येतो आणि चित्र काही मिनिटे फुटते. त्या वेळी सूर्याकडे थेट न बघता भिंतीवरची आपली सावली पाहावी. उपग्रह तिच्या बरोबर विरुद्ध दिशेला आहे.

पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षाही अशीच तपासता येते. पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर जाते आणि तेवढ्यात सूर्याकडे जेमतेम 3 मिलिमीटर पडते. मात्र ही कक्षा लंबवर्तुळाकार आहे: जानेवारीच्या आरंभी सूर्य 14.71 कोटी किलोमीटरवर असतो, जुलैच्या आरंभी 15.21 कोटींवर. जवळ असताना पृथ्वी वेगाने धावते, दूर असताना रेंगाळते. हे पाहण्यासाठी आकाशाकडेही बघायला नको. भिंतीवरची दिनदर्शिका काढावी आणि मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंतचे दिवस मोजावेत. ते 186 भरतात. सप्टेंबरपासून परत मार्चपर्यंत मोजले, तर 179च.