जुन्या ट्रकचे दोन काटे: तापमान आणि ऑइल प्रेशर

जुन्या ट्रकचे काटे खोटं बोलतात, असं चालक म्हणतात. बोलतातच. पण त्यांच्या खोटं बोलण्यालाही एक रीत असते, ती ओळखायला शिकायचं.

सुरुवात वहीपासून करा. आठवडाभर चार वेळच्या नोंदी ठेवा: थंड इंजिन सुरू केल्याबरोबर, गरम झाल्यावर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू), सपाट रस्त्यावर आणि भरल्या गाडीने चढ चढताना. पुष्कळ जुन्या गेजवर आकडेच नसतात, त्यामुळे काट्याची नेहमीची जागा हीच तुमची मोजपट्टी.

आता तापमान. थर्मोस्टॅट (पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो, म्हणून काटा त्याच सुमारास स्थिरावतो. चढावर थोडा वर गेला आणि उतारावर परत आला, तर चिंता नको. शंभरी गाठली की लगेच उकळी फुटते असंही नाही. 15 पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरणारं रेडिएटर कॅप धड असेल, तर साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर गेलं की मात्र ही सवलत संपली.

काटा कधी चढतो, यावरून दुखणं कळतं. गर्दीत चढतो आणि वेग घेतला की उतरतो? पंखा, त्याचा पट्टा किंवा फॅन क्लच बघा. उलट, उभ्या गाडीत ठीक आणि वेगात किंवा ओझ्याखाली चढत असेल, तर रेडिएटर तुंबल्याचा संशय घ्या. काटा वर येतच नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, नाहीतर कुणीतरी तो काढून टाकला असेल. ‘गाडी तापते ना, मग थर्मोस्टॅट काढा’ हा सल्ला फुकट मिळतो आणि महाग पडतो: इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

सगळ्यात फसवा प्रकार वेगळाच. तापत चाललेल्या इंजिनचा काटा एकाएकी खाली येतो आणि चालक सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रत्यक्षात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळून सेन्सर कोरडा पडलेला असू शकतो. तेव्हा लगेच थांबा.

ऑइल प्रेशरचा काटा ऑइल किती आहे ते सांगत नाही. ते काम डिपस्टिकचं. वाहणाऱ्या ऑइलला बेअरिंगच्या फटींतून जाताना किती अडथळा होतो, ते हा काटा दाखवतो. थंड ऑइल घट्ट, म्हणून सकाळी 50-60 पीएसआय दिसणं साहजिक. गरम आयडलिंगला तोच काटा 10 ते 20 वर आला तरी बहुतेक इंजिनांना चालतं. ढोबळ हिशेब असा, की दर 1000 आरपीएममागे (इंजिनचे मिनिटाला फेरे) 10 पीएसआय; पण तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम मानायचा. आकडे बारमध्ये असतील, तर 1 बार म्हणजे सुमारे 14.5 पीएसआय. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर काटा डुचमळत असेल, तर आधी डिपस्टिक बघा.

दोन्ही काटे एकत्र वाचावेत. तापमान चढलं की ऑइल पातळ होऊन प्रेशर थोडं उतरणारच. तापमान नेहमीचं असूनही आयडलिंगचं प्रेशर महिन्यागणिक खाली येत असेल, तर बेअरिंग झिजली असावीत किंवा ऑइलमध्ये डिझेल मिसळत असावं. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर डिझेलचाच संशय जास्त.

गेजवरच शंका असेल, तर एका वायरच्या तापमान सेन्सरची वायर काढा: बहुतेक गाड्यांत काटा थंडीकडे पडतो. तीच वायर क्षणभर इंजिनच्या धातूला टेकवा, काटा पूर्ण वर जायला हवा. तसं झालं, तर गेज आणि वायर चालू आहेत. संशय उरतो सेन्सरवर. डिझेलचा आणि तापमानाचा, असे दोन्ही काटे एकदमच चुकीचे दाखवू लागले, तर व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा अर्थिंग तपासा. ऑइलसाठी सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

चालत्या गाडीत प्रेशर शून्यावर आलं, तर गेज खरं की खोटं यावर विचार करत बसू नका. गाडी बाजूला घ्या, लगेच इंजिन बंद करा, तपासणी मागाहून. तापमान चढत असेल आणि प्रेशर शाबूत असेल, तर थोडी सवड मिळते: खालचा गिअर टाका, इंजिनवरचा भार हलका करा, हीटर पूर्ण चालू करा. वाफ दिसली की मात्र इंजिन बंद, आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हातात धरण्याइतका गार होईपर्यंत रेडिएटर कॅपला हात लावायचा नाही.