मधुमेहाचा आहारतक्ता रोजच्या ताटात उतरवताना
आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेला तक्ता पाळायचा असेल, तर आधी घरातली वाटी मोजून घ्यावी, कारण तक्त्यातील ‘एक वाटी भात’ आणि आपल्या ताटात पडणारी वाटी यांत बराच फरक असू शकतो. ताटाचा अर्धा भाग पालेभाजी व कोशिंबिरीने, पाव भाग उसळ किंवा माशाने आणि उरलेला पाव भाग भाकरी किंवा भात यांपैकी एकानेच भरावा. ज्वारीची भाकरी पथ्याची असली, तरी तीन खाल्ल्या तर साखर वाढणारच! कोशिंबीर व उसळ आधी खाऊन भाकरी शेवटी खाल्ल्यास साखर सावकाश चढते. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट (स्टार्च). गुळाचा चहाही साखरेच्या चहाहून फारसा वेगळा नाही.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण चुकवू नये. घाम येऊन थरथर सुटली आणि रक्तातली साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरवर 70 पेक्षा कमी आकडा दिसला, तर पथ्य बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. जेवणानंतर 2 तासांचे आकडे, काय खाल्ले त्या नोंदीसह, डॉक्टरांना दाखवावेत.