लग्नपत्रिकेचं वळणदार अक्षर : या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की दर्यापूर-अकोटकडच्या डीटीपी दुकानांत पत्रिकांची घाई सुरू होते. गिऱ्हाइकाची मागणी ठरलेली : "भाऊ, अक्षर मस्त वळणाचं पाह्यजे." मग गणपतीपासून मांडवाच्या पत्त्यापर्यंत सगळं कॅलिग्राफी फॉन्टमध्ये! तिथंच पत्रिका बिघडते. असा फॉन्ट वधू-वरांच्या नावांना आणि फार तर ‘शुभविवाह’ला द्या. तारीख, मुहूर्त, स्थळ साध्या अक्षरात ठेवा. पत्रिका आजोबांनाही वाचायची असते.

आपल्याकडे सगळ्यात जास्त फसतो तो शब्द म्हणजे ‘वऱ्हाड’. र, हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), ह असं टाइप केलं की रफार ह-वर चढतो आणि ‘वर्हाडी मंडळी’ छापून येते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, खाली टिंब असलेला ऱ घ्या, मग हलन्त, मग ह. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर तो शिफ्ट धरून इंग्रजी J दाबल्यावर मिळतो. एवढं करूनही जोड उमटला नाही, तर त्या फॉन्टमध्ये ते रूपच नाही. कितीही देखणा असो, बदला. निवडण्याआधीच ‘वऱ्हाड, ज्ञानेश्वर, ऋतुजा, श्रद्धा, बाळकृष्ण’ लिहून पाहायचं.

ल आणि श सुद्धा तपासा. बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श चालतो. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेतही तीच रूपं आहेत. काही युनिकोड फॉन्टांत दोन्ही असतात, सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की आपली येतात.

नाव ओळभर पसरवायला अक्षरांतलं अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि नावाचे तुकडे पडतात. फुल जस्टिफाय केल्यावरही, म्हणजे ओळ दोन्ही कडांना ताणून बसवल्यावरही, कधी हेच होतं. लांबलचक नाव दाबून बसवणंही तितकंच वाईट. या अक्षरातली जाड-बारीक रेघ तिरप्या कापलेल्या बोरूची असते. अक्षर दाबलं की तो तिरपेपणा बिघडतो, आणि बोल्डचं बटण दाबलं की सगळ्याच रेघा फुगून आतल्या पोकळ्या बुजतात. सरळ आकार कमी करा, नाहीतर दोन ओळी घ्या.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये बारीक रेघा उडतात. खरखरीत कागदावर सोनेरी शाई असेल तर जास्तच. आधी एक नमुना काढून बघा. फ्लेक्सचं कारण वेगळं : तो रस्त्यावरून, चालत्या गाडीतून वाचायचा असतो, तिथं नाजूक फॉन्ट नकोच.

इंग्रजी पत्रिकेत स्क्रिप्ट फॉन्टची सगळी अक्षरं कॅपिटल करणारेही आहेत. ती गुंतवळ कुणालाच वाचता येत नाही.

फाइल छपाईला अमरावती-नागपूरला जाणार असेल तर अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत बदलून, पाठवा. कृतिदेवसारखा युनिकोड नसलेला जुना फॉन्ट तिकडच्या संगणकात नसला, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मात्र कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. मुहूर्त बदलल्याचा फोन आला तर दुरुस्ती तिच्यातच करता येते.