जुन्या गेमपॅडचा बटण-बॉक्स

सिम्युलेटर खेळताना कीबोर्ड अपुरा पडतो? जॉयस्टिक बिघडलेला यूएसबी गेमपॅड फेकू नका, त्यातला बोर्ड अजून कामाचा असतो: त्याला वायरने नवी बटणे जोडून डब्यात बसवली की जादा बटणांची पेटी, म्हणजे बटण-बॉक्स, तयार. स्क्रू काढा. रबराखाली काळे कार्बनचे ठिपके दिसतील. त्यांवर सोल्डरचा टाका बसत नाही, म्हणून शेजारचा तांब्याचा पट्टा ब्लेडने हलका खरवडून तिथे बारीक वायर जोडा. मल्टिमीटरने आधी पाहा: बहुतेक स्वस्त पॅडमध्ये सगळ्या बटणांची एक बाजू सामाईक असते, म्हणजे ती एकच वायर सगळीकडे फिरवता येते. टाक्यावर ग्लू-गनचा थेंब हवाच, नाहीतर वायर ओढली की पट्टाच उचकटतो. (माझे दोन गेले.)

जॉयस्टिक काढलीत तर तिच्या जागी प्रत्येक अक्षाला दोन समान, १० किलोओहमचे रेझिस्टर लावा: दोन टोकांमध्ये ओळीने, मधला सांधा मधल्या पिनला. नाहीतर कर्सर आपोआप सरकत राहतो.

पेटी म्हणून प्लास्टिकचा डबा उत्तम. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हवा तो मिळतो. गोव्याच्या पावसात तांबे हिरवे पडते. चाचणी झाल्यावर खरवडलेल्या जागी पारदर्शक नेलपॉलिश लावा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.