परसातलं मेपल सिरप: हंगाम सुरू होण्याआधीच या चुका टाळा

मेपल या झाडाचा रस आटवून केलेला पाक म्हणजे मेपल सिरप. हा रस काढणं अगदी सोपं आहे. खोडाला भोक पाडायचं, तोटी ठोकायची, बादली अडकवायची. त्यामुळे पहिल्या वर्षी सगळं लक्ष झाडाकडे जातं आणि चुलीचा विचार कुणी करत नाही. मग मार्चमधल्या एखाद्या उबदार आठवड्यात अंगणात शंभर लिटर रस साचतो, उकळायला वेळ नसतो, रस दुधाळ होतो आणि झाडाखालीच ओतून द्यावा लागतो. रात्री पारा शून्याखाली आणि दुपारी ४ ते ७ अंश सेल्सिअस, असे दिवस जेव्हा येतात तोच रसाचा हंगाम. पेनसिल्व्हेनिया-न्यू जर्सीकडे तो फेब्रुवारीतच लागतो. व्हरमाँट, ऑन्टारिओ, क्युबेकात फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. एकूण चार ते सहा आठवडे मिळतात. त्यातला एकही आठवडा सामान जमवण्यात घालवणं परवडत नाही.

झाडं मोजून तोट्या ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. परसात आठ मेपल आहेत म्हणून आठ-दहा तोट्या घेतल्या जातात. तोट्यांचा आकडा ठरतो तो तुमच्या उकळण्याच्या भांड्यावरून.

ज्यांनी कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलं आहे त्यांच्या डोळ्यांपुढे काकवी येते, आणि अंदाज तिथेच चुकतो. उसाच्या रसात १८ ते २० टक्के साखर असते, मेपलच्या रसात जेमतेम २. हिशेबाचा सोपा नियम असा: ८६ला रसातल्या साखरेच्या टक्केवारीने भागायचं. २ टक्क्यांचा रस असेल तर १ लिटर सिरपला ४३ लिटर रस लागतो. म्हणजे ४२ लिटर पाण्याची वाफ करायची आहे. रेड किंवा सिल्व्हर मेपलचा रस दीड टक्क्याचा निघाला तर हाच आकडा ५७वर जातो.

चांगल्या जाळावर सपाट ट्रेमधून, दर चौरस फूट पृष्ठभागामागे ताशी फार तर ४ लिटर पाणी उडतं. केटरिंगवाले वापरतात ती २० × १२ इंचांची स्टीलची ट्रे म्हणजे १.६७ चौरस फूट. ताशी सहा-साडेसहा लिटर कागदावर. उघड्यावर, वाऱ्यात, मध्येमध्ये थंड रस ओतत, पाच धरा. रस जोरात वाहतो त्या दिवशी एका तोटीतून ४ लिटर सहज मिळतात. दहा तोट्यांचे ४० लिटर, म्हणजे आठ तास चुलीपाशी. नोकरी करणाऱ्याला हे शनिवार-रविवारीच जमतं आणि रस मात्र सोमवारीही वाहतो. एक ट्रे असेल तर चार-पाच तोट्या पुष्कळ. पूर्ण हंगामात एका तोटीमागे साधारण ४० लिटर रस धरला तर पाच तोट्यांचं चार-साडेचार लिटर सिरप होतं. घरच्या पोळ्यांना आणि पॅनकेकना वर्षभर पुरावं इतकं.

याच ओघात खोल पातेल्याचा मोह आवरा. टर्की तळायचं उंच पातेलं रस भरपूर मावतो म्हणून घेतलं जातं, पण त्याचं तोंड लहान. वाफ पृष्ठभागावरून उडते, खोलीवरून नाही. एका उंच पातेल्यापेक्षा दोन उथळ ट्रे कधीही बऱ्या.

इंधनाचा अंदाज न घेणं

४० लिटर थंड रस तापवून त्यातलं ३९ लिटर पाणी उडवायला साधारण १०५ मेगाज्यूल उष्णता रसाला मिळावी लागते. उघड्यावरच्या बर्नरची निम्मी आच इकडेतिकडे जाते. म्हणजे पाचेक किलो प्रोपेन. २० पौंडांच्या सिलिंडरमध्ये ९ किलो गॅस मावतो, तेव्हा एका सिलिंडरमागे दोन लिटर सिरपही हाती येत नाही. दुकानातल्या बाटलीची किंमत मग एकदम रास्त वाटू लागते.

लाकूड स्वस्त पडतं, पण ते आदल्या वर्षी फोडून, छपराखाली वाळलेलं हवं आणि मनगटाएवढं जाड. ओलं लाकूड आपलीच वाफ करण्यात आच घालवतं. ट्रे धड खदखदत नाही आणि रस तासन् तास नुसता शिजत राहून काळपट होतो. सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची तात्पुरती चूल चालते. तिला मागे धुराडं द्या, आणि ट्रे बाजूंनी चपखल बसली पाहिजे, नाहीतर राख आणि धूर सिरपात उतरतात.

स्वयंपाकघरात सगळा रस उकळण्याचा विचारही नको. चाळीस लिटर पाणी भिंतींवर आणि कपाटांवर जाऊन बसतं, वॉलपेपर सुटतो. शेवटचे दोन-तीन लिटर आटवायला तेवढे घरात आणा.

बर्फ पडल्यावर झाड शोधणं

पानं असतानाच झाडं ओळखून फीत बांधून ठेवा. शुगर मेपल सर्वांत गोड, पण रेड, सिल्व्हर आणि शहरी रस्त्यांकडेला लावतात तो नॉर्वे मेपलही चालतो. नॉर्वेच्या पानाचा देठ तोडला की पांढरा चीक येतो, शुगर मेपलला येत नाही. हिवाळ्यात ओळखायचंच असेल तर फांद्या समोरासमोर फुटलेल्या असतात हे पाहा. ॲश नावाच्या दुसऱ्या झाडाच्याही तशाच असतात, म्हणून एवढ्यावर थांबू नका. शुगर मेपलची कळी बारीक, टोकदार, तपकिरी असते; रेड मेपलची गोलसर आणि लाल.

जमिनीपासून दीड मीटरच्या आत, छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळून घेर मोजा. ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर त्या झाडाला हात लावू नका. १४५ सेंटिमीटरपर्यंत एक तोटी, त्यापुढे दोन. तिसरी लावू नये. झाड म्हातारं आणि अवाढव्य असलं तरी.

भोक पाडतानाच्या चुका

तोटी ५/१६ इंचाची आणि ड्रिलचं बिट ७/१६चं, हा घोळ दर वर्षी होतो, कारण दोन्ही मापं बाजारात आहेत. जुन्या धातूच्या तोट्या मोठ्या मापाच्या, नव्या प्लॅस्टिकच्या बहुतेक ५/१६च्या. नवीन घेत असाल तर लहानच घ्या. जखम लवकर भरते. बिट नवं आणि धारदार हवं, गेल्या वर्षी भिंतीला भोकं पाडलेलं नको. बोथट बिट लाकूड कापत नाही, चिंबवतं, आणि चिंबलेल्या कडांमधून रस नीट येत नाही.

बिटावर दीड इंचाला चिकटपट्टी गुंडाळा. भोक किंचित वरच्या दिशेने, म्हणजे रस आपोआप बाहेर उतरेल. ड्रिल फिरत असतानाच बाहेर ओढा, त्याबरोबर भुसा निघून येतो. आता त्या भुशाकडे नीट बघा. पांढरा किंवा सायीच्या रंगाचा असेल तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी निघाला तर जुन्या जखमेच्या मृत भागात शिरला आहात; तिथे तोटी ठोकून उपयोग नाही. मागच्या वर्षीच्या वणापासून आडवं किमान १५ सेंटिमीटर आणि वर-खाली ३० सेंटिमीटर सरकून भोक घ्यावं ते याचसाठी.

तोटी हलक्या हातोडीने ठोकायची. टकटक आवाज बदलून दबका झाला की थांबा. आणखी दोन घाव घातले की खोड उभं तडकतं आणि रस तोटीऐवजी सालीवरून ओघळतो. गळतं म्हणून पुन्हा ठोकणं हा त्यावरचा इलाज नव्हे, चीर वाढवणं आहे. गोठलेलं लाकूड जास्त फुटतं, म्हणून हे काम शून्याच्या वर असलेल्या दुपारी करा.

जानेवारीत दोन दिवस ऊन पडलं म्हणून घाई नको. भोक पडल्या क्षणापासून त्यात जिवाणू शिरतात आणि झाड आपल्या बाजूने वाहिन्या बंद करू लागतं. साध्या बादलीच्या पद्धतीत भोक चार ते सहा आठवडे चालतं. ते घड्याळ कधी सुरू करायचं हे दहा दिवसांचा अंदाज पाहून ठरवा.

रस येतच नाही

तोटी बरोबर बसली, भुसा पांढरा होता, तरी बादली कोरडी? आधी रात्रीचं तापमान बघा. गोठताना खोडातल्या पोकळ्यांमधली हवा आकसते, बर्फ धरतो आणि झाड मुळांकडून पाणी वर ओढतं. दुपारी वितळताना तोच दाब रसाला बाहेर ढकलतो. रात्री गोठलंच नाही तर दुसऱ्या दिवशी ढकलायला काही नसतं. दिवसभर शून्याखाली राहिलं तरीही तेच. अशा वेळी दुसरं भोक पाडू नका, थांबा. दक्षिणेकडची बाजू सकाळी लवकर सुरू होते आणि लवकर थांबतेही. एकूण रसात फार फरक पडत नाही.

बादल्या आणि साठवण

जुन्या वस्तूंच्या दुकानातली पत्र्याची बादली फोटोला छान दिसते. तिच्या सांध्यांना शिशाचा डाक (सांधा जोडणारा धातू) असू शकतो आणि रस किंचित आम्लधर्मी असतो, शिवाय पुढे तो चाळीसपट आटणार आहे. पितळी तोट्या आणि जस्ताचा मुलामा दिलेली भांडी याच कारणाने बाद. रंगाची रिकामी बादली कितीही घासली तरी नको, लोणच्याची असेल तर वास जात नाही. खाद्यपदार्थांसाठीचं प्लॅस्टिक किंवा स्टील, झाकणासकट.

धुण्यासाठी सुगंध नसलेलं ब्लीच १ भाग, पाणी २० भाग, आणि मग स्वच्छ पाण्याने तीनदा विसळणं. नळ्यांची जोडणी केली असेल तर विसळण्यात हयगय नको: ब्लीचची खारट चव मागे राहिली की खारी येऊन नळ्या कुरतडतात.

नीरा उन्हात राहिली की काय होतं हे कोकणातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मेपलच्या रसाला दुधासारखं वागवा. तो ४ अंशांच्या खाली, घराच्या उत्तरेला बर्फात पुरलेल्या पिंपात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत उकळा. बादलीत वर बर्फाची चकती धरली असेल तर ती काढून टाका. तिच्यात साखर फारच थोडी असते. फेकलेल्या प्रत्येक चकतीमागे तेवढं इंधन वाचतं.

शेवटचे चार अंश

ट्रेत रस कधीही दीड-दोन इंचांच्या खाली जाऊ देऊ नका. दार उघडायला गेलात तेवढ्यात ट्रे करपते. फेस उतू येऊ लागला तर शेंगदाण्याएवढं लोणी पुरतं.

सिरप तयार होतं ते पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा ४ अंश सेल्सिअस वर. इथे चूक होते ती सरळ १०४ धरण्याची. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरवर पाणी ९९ अंशांनाच उकळतं, आणि हवेचा दाब बदलला की त्याच घरात आकडा हलतो. त्या दिवशी, त्याच थर्मामीटरने, आधी साधं पाणी उकळून पाहा आणि त्यात ४ मिळवा. थर्मामीटर चुकीचा असला तरी या रीतीने त्याची चूक कापली जाते.

बोटांत पाकाची तार बघायची आपली सवय इथे दगा देते. अर्ध्या अंशाचा फरक तारेत कळत नाही, बाटलीत मात्र कळतो. साखर ६६ टक्क्यांच्या खाली राहिली तर काही आठवड्यांत बुरशी. ६९च्या पुढे गेली तर तळाशी खडीसाखर. खडे धरलेलं सिरप थोडं गरम पाणी घालून पुन्हा उकळलं की सुधारतं. बुरशी आलेलं टाकून द्या. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं तरंगतं उपकरण) घेतलात तर सिरपचा घ्या, रसाचा वेगळा असतो. गरम सिरपची लाल खूण उकळत्या सिरपसाठीच असते. उंच नळकांड्यात काठोकाठ ओतल्या ओतल्या वाचा, दोन मिनिटांनी नाही.

तळाशी बसणारी करड्या रंगाची रेती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. खाण्यात अपाय नाही, पण दाताला लागते. मलमलीच्या फडक्यातून ती निघत नाही, जाड फेल्टचं गाळणं हवं. ते आधी गरम पाण्यात भिजवून घ्या, सिरप उकळतं असतानाच ओता, आणि गाळणं पिळू नका. पिळलंत की अडकलेली रेती खाली येते. धुताना साबण नको, पुढच्या वर्षीच्या सिरपला तो वास लागतो. बाटल्या भरताना तापमान ८२ ते ८५ अंश. त्याखाली झाकण निर्जंतुक होत नाही, ८८च्या वर पुन्हा तापवलंत तर नवी रेती तयार होते. झाकण लावून बाटली मिनिटभर आडवी ठेवा.

चव बिघडली तर

सिरप चमच्यावरून लाळेसारखं लोंबत असेल तर रस साठवणीत नासलेला होता. भांडी धुवा आणि तो घाणा सोडून द्या. हंगामाच्या शेवटी सिरप गडद होणं स्वाभाविक आहे, काहींना तेच आवडतं. पण कळ्या फुगू लागल्यावरच्या रसाला एक विचित्र, नको वाटणारी चव येते आणि ती कितीही उकळून जात नाही. फांद्यांच्या टोकांना कळ्या फुगलेल्या दिसल्या किंवा रात्री गोठणं थांबलं की त्याच दिवशी तोट्या काढा.

भोकात मेण, लाकडी खुंटी, माती काहीही भरू नका; झाड ते आपणच बंद करतं आणि बूच आतली ओल कोंडून ठेवतं. तोट्या त्याच संध्याकाळी गरम पाण्यात टाका. रस वाळून बसला की पुढच्या जानेवारीत तो काढायला दुप्पट वेळ लागतो.